वाचकांचे प्रश्न: लॅपटॉप तापतो तेव्हा दोष कुणाचा?

मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या की नाशिकच्या उन्हाळ्यात लॅपटॉप घ्यायचा तर दुकानात आधी त्याचा फॅन ऐका आणि मग बाकीचं बघा. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, इंटेल, एएमडी, ॲपल, स्नॅपड्रॅगन यातलं थंड कुठलं? (इंटेल-एएमडीच्या चिप एक्स८६ घराण्याच्या, ॲपल-स्नॅपड्रॅगनच्या एआरएम घराण्याच्या, म्हणजे चिपला समजणाऱ्या हुकमांची, इन्स्ट्रक्शनची, भाषा वेगळी.) पत्रं थोडी छाटली आहेत, भाषा ज्याची त्याची ठेवलीये.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पिंपळगाव बसवंत): दादा नमस्कार, मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी द्राक्षबाग आहे आणि सीझनला पॅकिंगचं काम पण बघतो. माझ्याकडे आय५-१२४५०एचवाला लॅपटॉप आहे, प्रोजेक्ट कंपाइलला लावला की दहा मिनिटांत कीबोर्डवर हात ठेववत नाही आणि फॅन असा ओरडतो की रूम पार्टनर झोपेतून उठतो. त्याच्याकडे मॅकबुक एअर एम१ आहे, त्याला फॅनच नाहीये, मांडीवर घेऊन बसतो आरामात. क्लासमध्ये सांगतात की एआरएम थंड आणि एक्स८६ गरम, कारण एक्स८६च्या इन्स्ट्रक्शन किचकट. एवढंच कारण आहे का? मग पुढचा लॅपटॉप डोळे झाकून एआरएमचाच घेऊ का?

उत्तर: डोळे झाकून काहीच घेऊ नकोस. क्लासमध्ये सांगितलं ते खोटं नाहीये, पण सगळ्या हिशोबातली ती चिल्लर आहे, नोटा वेगळीकडेच आहेत, म्हणून तुझं उत्तर जरा लांबणार.

आधी चिल्लर मोजू. तू पॅकिंग बघतोस ना, मग टेबलावरचे पनेट, द्राक्षं भरायचे ते छोटे डबे, डोळ्यासमोर आण. सगळे पनेट अर्ध्या किलोचे, एकाच मापाचे, तर आठ जणी एकदम हात घालू शकतात, कारण पाचवा पनेट कुठून सुरू होतो हे पहिल्याला हात न लावताही कळतं. आता तिथेच लहान-मोठी क्रेट, पिशव्या, पाट्या एकमेकांना चिकटून ठेवल्या तर पहिली कुठे संपली ते बघितल्याशिवाय दुसरी धरताच येत नाही. ६४ बिट एआरएममध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शन बरोबर ४ बाइटची असते. एक्स८६मध्ये ती १ बाइटची असू शकते नाहीतर थेट १५ बाइटची, कारण १९७८ सालच्या ८०८६ चिपपासूनचा कोड आजही चालला पाहिजे हा त्या घराण्याचा शब्द आहे आणि तो त्यांनी पाळलाय. त्यामुळे एक्स८६ला इन्स्ट्रक्शन उलगडायला जास्त सर्किट लागतं, जास्त वीज लागते, हे खरं. पण इंटेल-एएमडीवाले गप्प बसलेले नाहीत, एकदा उलगडलेल्या इन्स्ट्रक्शन ते चिपमध्येच एका छोट्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या मेमरीत, ठेवतात आणि तेच काम परत आलं की उलगडणारं सर्किट बंद ठेवतात. म्हणजे खर्च आहे, पण तुझा हात भाजावा एवढा नाही.

आता नोटा. सगळ्यात मोठी नोट म्हणजे तुझ्या चिपला किती वॅट प्यायची परवानगी दिलीये ती. आय५-१२४५०एच कागदावर ४५ वॅटची चिप आहे, पण इंटेलच्याच स्पेसिफिकेशनमध्ये तिची टर्बोची, म्हणजे थोडा वेळ जोरात पळण्याची, कमाल हद्द ९५ वॅट आहे, आणि लॅपटॉप कंपन्या ही हद्द आपल्या सोयीने कमी-जास्त ठेवतात. तुझ्या मित्राच्या एम१मध्ये सगळे कोअर (चिपमधले काम करणारे भाग) पळवले तरी प्रोसेसरचा आकडा साधारण वीस-पंचवीस वॅटच्या आत राहतो, आणि फॅन नसल्यामुळे जास्त वेळ तेवढेही तो घेत नाही, हळूच स्पीड कमी करतो. म्हणजे एका चुलीत दोन लाकडं आहेत आणि दुसरीत आख्खी मोळी, आणि आपण चुलीच्या मातीबद्दल भांडतोय.

दुसरी नोट व्होल्टेजची. चिपची वीज मोटामोटी व्होल्टेजच्या वर्गाला फ्रिक्वेन्सीने गुणून जेवढी येते त्या प्रमाणात वाढते, आणि फ्रिक्वेन्सी वर न्यायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून शेवटचे पाचशे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. समजा एक कोअर ४.८ गिगाहर्ट्झला १.३५ व्होल्टवर चाललाय आणि तोच ३.६ला १ व्होल्टवर आणला, तर स्पीड गेला २५ टक्के आणि वीज वाचली जवळजवळ ६० टक्के. गुणाकार स्वतः करून बघ, मला तो पहिल्यांदा केला तेव्हा खरा वाटला नव्हता. बाईकचंच घे ना, पन्नासने चालवली तर मायलेज मिळतं आणि नव्वदने हाणली तर पेट्रोल पंपावरच मुक्काम. ॲपलने एम१चा मोठा कोअर रुंद केला, एका ठोक्याला ८ इन्स्ट्रक्शन उलगडणारा, आणि घड्याळ, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ३.२ गिगाहर्ट्झवरच थांबवलं. तुझ्या चिपचा मोठा कोअर एका ठोक्याला ६ उलगडतो आणि ४.४पर्यंत पळतो. इथे तुझ्या सरांना अर्धा मार्क द्यायला पाहिजे, कारण मापातल्या पनेटमुळेच एवढा रुंद कोअर बांधणं सोपं जातं.

तिसरी नोट कारखान्याची. एम१ नोव्हेंबर २०२०ला आला तो तैवानच्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटरवर (हा आकडा जितका लहान तितकी चिपची बनावट बारीक आणि नवी). त्याआधी इंटेल २०१४पासून १४ नॅनोमीटरवर आणि मग रखडलेल्या १० नॅनोमीटरवर अडकून पडलं होतं. म्हणजे २०२०मध्ये लोकांनी एआरएम विरुद्ध एक्स८६ म्हणून जे बघितलं त्यात बराचसा नवा कारखाना विरुद्ध जुना कारखाना होता. याचा पुरावा पुढे इंटेलनेच दिला, सप्टेंबर २०२४ला कोअर अल्ट्रा २०० व्ही नावाच्या चिप आल्या, इन्स्ट्रक्शन त्याच जुन्या एक्स८६च्या, पण कोअरवाला भाग बनवून घेतला टीएसएमसीकडून ३ नॅनोमीटरवर, मेमरी ॲपलसारखी चिपशेजारी एकाच पॅकेजवर बसवली, एका कोअरकडून एकदम दोन कामं करून घेणारं हायपरथ्रेडिंग काढून टाकलं, बहुतेकांची बेस पॉवर १७ वॅट. ते लॅपटॉप चांगले थंड चालतात आणि बॅटरीही दिवसभर पुरवतात. घराणं तेच, स्वभाव बदलला.

आणि उलटंही बघ, १६ इंची मॅकबुक प्रोसोबत १४० वॅटचा चार्जर येतो. एआरएमचीच चिप आहे, पण व्हिडिओ रेंडरला लावली की तिलाही फॅन लागतोच.

एक गोष्ट तुला आवडेल म्हणून सांगतो. पहिली एआरएम चिप केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी डिझाइन केली आणि ती २६ एप्रिल १९८५ला बनून हातात आली. तिचा करंट मोजायला गेले तर मीटर शून्य दाखवत होता. बघितलं तर चिपचा वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता, ती आजूबाजूच्या सर्किटच्या सिग्नलमधून झिरपणाऱ्या विजेवर चालत होती! कमी विजेचं वळण त्या घराण्याला पाळण्यापासून आहे, पण वळण म्हणजे गॅरंटी नव्हे.

आत्ता तुझ्या हातात आहे तो लॅपटॉप आधी निवव. विंडोजमध्ये सेटिंग, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरीत जाऊन पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वरून ‘बॅलन्स्ड’वर आण, आणि कंपनीचं स्वतःचं ॲप असेल तर त्यातला सायलेंट नाहीतर क्वाएट मोड लाव. कंपाइलला थोडी मिनिटं जास्त लागतील, पण तुझा पार्टनर झोपेल.

प्रश्न (शिक्षिका, नाशिकरोड): दादा, शाळेतून निघताना लॅपटॉप बंद करून, म्हणजे झाकण लावून, बॅगेत टाकते. घरी येऊन बघते तर बॅग आतून गरम आणि बॅटरी ८० वरून ५०. चोरून कोणी वापरतं की काय असं वाटायला लागलंय.

उत्तर: ताई, कुणी चोरून वापरत नाहीये, लॅपटॉप झोपलाच नव्हता. आजकालच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये झाकण लावल्यावरची झोप मोबाइलसारखी असते, स्क्रीन बंद पण आतून जाग, वायफाय चालू, मेल येतायत, अपडेट उतरतायत. चांगली चिप असेल तर या अर्धवट झोपेत अगदी थोडी वीज जाते, पण एखादा ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) किंवा अपडेट अडून बसला तर प्रोसेसर पूर्ण जागा होतो, बॅगेत हवा नाही आणि उष्णता जाणार कुठे. मॅक आणि स्नॅपड्रॅगनवाले इथे खरंच पुढे आहेत, मोबाइलच्या घरातून आलेले असल्यामुळे त्यांना अशी झोप जमते.

तुम्ही एवढंच करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डाव्या बाजूला झाकण बंद केल्यावर काय करायचं ते निवडायची ओळ आहे, तिथे दोन्ही रकान्यांत ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडा. उघडताना काही सेकंद जास्त लागतील पण उघडलेल्या फाइल जागच्या जागी मिळतील आणि बॅगेत लॅपटॉप गार राहील. हायबरनेट दिसतच नसेल तर ते बंद केलेलं असतं, कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून powercfg /hibernate on लिहून ते आधी चालू करावं लागतं.

प्रश्न (सीएनसी वर्कशॉप, अंबड एमआयडीसी): साहेब, आमच्याकडे कॅमसाठी (मशीनच्या कटरचा मार्ग, म्हणजे टूलपाथ, आखणारं सॉफ्टवेअर) घेतलेला गेमिंग लॅपटॉप आहे, आय७-१२७००एच आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. डिसेंबरात घेतला तेव्हा टूलपाथ झटक्यात निघायचा, एप्रिल लागल्यापासून तोच जॉब रेंगाळतो. दुकानदार म्हणतो व्हायरस असेल, फॉरमॅट मारा. मारला, फरक शून्य. लोक म्हणतात एएमडी घ्यायला पाहिजे होता, तो थंड असतो. शेड पत्र्याचं आहे, दुपारी आत बसवत नाही.

उत्तर: दादा, शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर लिहिलंय. तुमचा फॉरमॅट फुकट गेला याचं मला वाईट वाटतं, कारण हा प्रश्न सॉफ्टवेअरचा नव्हताच, हा साध्या उष्णतेचा हिशोब आहे आणि तो दुकानदाराने तुम्हाला सांगायला पाहिजे होता.

बघा, लॅपटॉपच्या कूलरमधून किती उष्णता बाहेर जाते हे चिप आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. लॅपटॉपच्या चिप ९५ ते १०५ डिग्रीच्या आसपास स्वतःच ब्रेक मारतात, आपण ९५ धरू. डिसेंबरात शेडमध्ये २५ डिग्री होतं, म्हणजे फरक ७० डिग्रीचा. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ४२ झालं तर फरक उरला ५३. समजा थंडीत तुमचा कूलर ८० वॅट ओढून बाहेर टाकत होता, तर आता तोच कूलर, तोच फॅन, चिप आणि कूलरमधली तीच थर्मल पेस्ट, फक्त ६० वॅट टाकू शकतो. पाव हिस्सा गेला, कुणीही काहीही न बिघडवता. मग चिप काय करते, आपला स्पीड उतरवते, आणि तुमचा टूलपाथ रेंगाळतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. हाच लॅपटॉप जानेवारीत निफाडला पारा एक आकडी असताना चालवला तर तुम्ही त्याला नवा म्हणाल.

आणि तुमच्याकडे एकाच कूलरवर दोन चुली आहेत. आय७-१२७००एचची टर्बो हद्द ११५ वॅट, आणि लॅपटॉपमधलं आरटीएक्स ३०६० कंपनी सेट करेल तसं ६० ते ११५ वॅटपर्यंत. एएमडी घेतला असता तर? त्या वर्षीचे रायझनचे एच सिरीजवाले प्रोसेसर ४५ वॅटच्या आसपास जास्त काम द्यायचे, हे खरं आहे, थोडा फायदा झाला असता. पण शेड तेच, पत्रा तोच, ग्राफिक्स कार्ड तेच. फरकातले १७ डिग्री एएमडीला पण गेलेच असते.

आता अंबड-सातपूरच्या लॅपटॉपबद्दल एक सांगतो, माझ्या बेंचवर असे खूप येतात. मागचं झाकण काढलं की वरून सगळं स्वच्छ दिसतं. फॅनचे स्क्रू काढून फॅन उचलला की खरं चित्र, फॅन जिथून हवा तांब्याच्या बारीक जाळीत ढकलतो बरोबर त्या तोंडाशी राखाडी पट्टी बसलेली असते, चिमट्याने धरली तर कापडासारखी अख्खी निघते, आणि वर्कशॉपच्या मशीनमध्ये ती कूलंटच्या तेलकट वाफेने ओली आणि हाताला चिकट लागते, बोटावर चमचम राहते ते धातूचं बारीक पीठ. फॅन पूर्ण ताकदीने फिरतोय, आवाज येतोय, आणि हवा जाळीपलीकडे जातच नाहीये.

तुमच्याकडे कॉम्प्रेसर असेलच, हात शिवशिवतील, पण तो डायरेक्ट मारू नका. हवेबरोबर पाणी येतं, आणि जोराच्या हवेने फॅन त्याच्या मापापलीकडे फिरून बेअरिंग जातं. बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा, फॅनच्या पात्यात टूथपिक अडकवायची म्हणजे तो फिरणार नाही, मग मऊ ब्रश आणि हलकी हवा. थर्मल पेस्टला दोन-तीन वर्षं झाली असतील तर तीही बदलून घ्या. आणि साहेब, लॅपटॉप मशीनशेजारून उचलून ऑफिसच्या केबिनमध्ये ठेवा, जॉब पेनड्राइव्हने नाहीतर नेटवर्कने पाठवा. पाच हजाराच्या कूलिंग पॅडपेक्षा या हलवण्याने जास्त फरक पडेल.

एक जण तुम्हाला सांगेल की विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. त्याने टर्बो पूर्ण बंद होतो आणि लॅपटॉप लगेच गार पडतो, बिलिंग-टायपिंगला चालेल, पण तुमच्या चिपचे मोठे कोअर मग २.३ गिगाहर्ट्झच्या बेसवर येतात आणि टूलपाथ आत्तापेक्षा हळू निघेल. तुमच्यासाठी तो उपाय नाही.

प्रश्न (सीए ऑफिसातले कर्मचारी, शरणपूर रोड): ऑफिसला सहा लॅपटॉप घ्यायचेत. स्नॅपड्रॅगन एक्सचे बघितले, अजिबात तापत नाहीत, बॅटरी मस्त, किंमतही बसते. घेऊ ना?

उत्तर: थांबा, ऑर्डर देऊ नका. चिप उत्तम आहे, जून २०२४पासून हे लॅपटॉप बाजारात आहेत आणि थंडाव्यात, बॅटरीत त्यांची तक्रार करायला जागा नाही. अडचण तुमच्या टेबलावरच्या छोट्या वस्तूंची आहे, डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन, जुना प्रिंटर, स्कॅनर, एखादा लायसन्सचा डोंगल.

एआरएमवरच्या विंडोजमध्ये एक्स८६चं सॉफ्टवेअर भाषांतर होऊन चालतं, विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीमध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी प्रिझम नावाचं नवं इम्युलेटर दिलंय आणि ते चांगलं आहे. पण ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही. ड्रायव्हर एआरएम६४साठीच बनवलेला असावा लागतो, नसेल तर ती वस्तू चालत नाही, विषय संपला. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखलं गेलं नाही तर थंड लॅपटॉप काय कामाचा? आणि भाषांतर करून चालणारा प्रोग्रॅम वीजही थोडी जास्त खातो, म्हणजे ज्यासाठी घेतला त्यातलंच थोडं परत जातं.

एकच लॅपटॉप दुकानातून एका दिवसासाठी मागा, ऑफिसातलं प्रत्येक टोकन आणि प्रत्येक प्रिंटर लावून बघा, एक जरी अडला तरी कोअर अल्ट्रा २०० व्ही किंवा रायझनच्या यू सिरीजचे घ्या. थंडपणात थोडं इकडेतिकडे होईल, काम अडणार नाही.

प्रश्न (पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाऊन करणारा): नाशिकरोड ते सीएसएमटी डब्यात काम करतो, चार्जिंगचा भरवसा नाही. माझा हिशोब असा की फास्ट प्रोसेसर जास्त बॅटरी खाणार, म्हणून स्लो घ्यावा. मित्र म्हणतो उलट आहे. कोण बरोबर?

उत्तर: दोघंही अर्धे अर्धे. वॅट म्हणजे नळाची धार, बॅटरी म्हणजे बादली, आणि बादली रिकामी होते ती धार गुणिले वेळ. समजा एक काम एक चिप ३० वॅटने १० सेकंदात संपवते, ३०० जूल. दुसरी १२ वॅटने २० सेकंदात, २४० जूल, वीज वाचली पण तेवढा जास्त वेळ स्क्रीन आणि मेमरी जळत राहिली. तिसरी ६० वॅटने ७ सेकंदात, ४२० जूल, म्हणजे तीन सेकंद वाचवायला ४० टक्के वीज जास्त. मधली वाट असते ती पहिल्या चिपची.

पण डब्यात तुम्ही मेल, एक्सेल, ब्राउझर वापरता, तेव्हा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. म्हणून तुमच्यासाठी पळतानाचे वॅट नाही, बसल्यावेळचे वॅट महत्त्वाचे. सगळा लॅपटॉप मिळून सरासरी १० वॅट खात असेल तर ५० वॅट-अवरची बॅटरी ५ तास, ५ वॅट खात असेल तर १० तास. २०२०च्या सुरुवातीचा इंटेलवाला मॅकबुक एअर आणि त्याच वर्षीचा एम१वाला, दोन्हीत बॅटरी ४९.९ वॅट-अवरचीच होती, आणि व्हिडिओ बघण्याचा ॲपलचा दावा १२ तासांवरून १८ तासांवर गेला. बादली तीच, धार बारीक झाली.

अजून एक, कित्येक विंडोज लॅपटॉप चार्जर काढला की स्पीड खाली आणतात, त्यामुळे दुकानात प्लग लावून दाखवलेला स्पीड कसाऱ्याच्या पुढे मिळेलच असं नाही. दुकानात चार्जर काढून चालवून बघा. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला तुमच्यासाठी घेऊच नका, ते नीट झोपलं नाही तर निम्मी बादली त्याचीच.

प्रश्न (एक आई, इंदिरानगर): मुलगी अकरावीला आहे. दुकानदार रायझन ५ ७५२०यू दाखवतोय, म्हणतो ७००० सिरीज आहे, लेटेस्ट आहे. शेजारी ५६२५यू थोडा महाग आहे पण तो ५००० म्हणजे जुना ना?

उत्तर: नाही ताई, उलटं आहे, आणि या नावांमुळे खूप जणांची फसगत झालीये म्हणून हे नीट लक्षात ठेवा. ७००० सिरीजमध्ये पहिला आकडा फक्त साल सांगतो. आतली चिप कुठल्या पिढीची आहे ते तिसऱ्या आकड्यात असतं. एएमडी आपल्या कोअरच्या पिढ्यांना झेन म्हणतं, ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, ७६४०यू मधला ४ म्हणजे झेन ४. ५६२५यू हा झेन ३ आहे, ६ कोअरचा. ७५२०यू झेन २चा, ४ कोअरचा. हे दोन्ही १५ वॅटच्या गटातले, तेवढ्याच विजेत झेन ३ जास्त काम करेल, म्हणजे लवकर मोकळा होईल आणि मुलीच्या मांडीवर गारही राहील. थोडे पैसे जास्त घालून ५६२५यू घ्या, पण रॅम ८ जीबी असेल तर पुढे वाढवता येते का ते विचारून घ्या, मेमरी बोर्डवरच चिकटवलेली असली तर वाढत नाही.

इंटेलच्या बाजूला १२व्या-१३व्या पिढीचा बघत असाल तर शेवटचं अक्षर बघा. यू असेल तर बेस १५ वॅट, पी असेल तर २८, एच असेल तर ४५. फक्त हे बेस आहेत हं, आय५-१२३५यू सुद्धा टर्बोमध्ये ५५ वॅटपर्यंत उडी मारू शकतो, पातळ बॉडीत ती उडी काही सेकंदच टिकते. अभ्यासाला यू पुरेसा आहे.

प्रश्न (निवृत्त आजोबा, गांधीनगर): बाळ, माझा लॅपटॉप जुना आहे, कायम चार्जिंगला लावलेला असतो, हल्ली खालून गरम लागतो. टचपॅडची एक कड वर आलीये, बटण दाबलं जात नाही. आर्किटेक्चर, म्हणजे चिपचं घराणं, बदलून घ्यावं म्हणतो.

उत्तर: आजोबा, बाकी सगळं राहू द्या, आधी चार्जर काढा. टचपॅडची कड वर येते ती खालची बॅटरी फुगल्यावर. वर्षानुवर्षं शंभर टक्के चार्ज आणि वर उन्हाळ्याची गरमी, यात लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते आणि आत गॅस धरते. लॅपटॉप बंद करा, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवू नका, फरशीवर मोकळ्या जागी ठेवा. नातवाला सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे आजच पाठवा, आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ती ई-कचऱ्यात द्यायची असते. नवी बॅटरी बसली की लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करून घ्या. चिपचं आपण नंतर बोलू.